काळ्या गाडीचा अर्धा टप

आमच्या वॉशिंग सेंटरची पाटी मी स्वतः रंगवली. वर मोठ्या अक्षरात 'धुलाई, पॉलिश, वॅक्स' आणि खाली लहान अक्षरात 'मालकीण स्वतः काम करते'. ही खालची ओळ समोरच्या चहाच्या टपरीला हसायला दोन महिने पुरली. प्रेशरची नळी हातात धरून, ढोपरापर्यंत भिजलेली मी उभी असायची आणि लोक मलाच विचारायचे, "मालकीण कुठं आहे?"

शेड आमचंच. गोंदियाहून बिरसीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून घर, मागे धानाच्या बांध्या, म्हणजे आमची भाताची शेतं. शेडमध्ये आधी मळणीचं यंत्र असायचं. ते विकलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, ही जागा मला लागेल, गाड्या धुवायच्या आहेत. त्यांना वाटलं महिनाभराचं वेड आहे. दोन वर्षं मी मोटारसायकली आणि ट्रॅक्टर धुतले. मग नागपूरला जाऊन मोटारीच्या पॉलिशचं पाच दिवसांचं शिक्षण घेतलं. तिथे सगळे तरुण पुरुष. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याने मला विचारलं, "मुलाला सोडायला आलात का?" मी म्हटलं, "नाही, मुलगा घरी स्वयंपाक करतोय." खरं तर त्या दिवशी मुलगा कॉलेजात होता. पण एकदा तोंडातून निघालं ते निघालं.

त्या पाच दिवसांत मी जे शिकले, त्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे माती. साबणाच्या वडीएवढा, कणकेसारखा मऊ गोळा असतो. त्याला सगळे क्ले म्हणतात, मी माती म्हणते. गाडी कितीही धुतली तरी तिच्या रंगात काही कण रुतून बसलेले असतात. धुराचे, लोखंडाचे, डांबराचे. ते पाण्याने जात नाहीत, साबणाने जात नाहीत. साबणपाणी मारून ही माती वरून हलक्या हाताने फिरवली की ते कण मातीत अडकून निघतात. मग पॉलिश, मग वॅक्स. हा क्रम सोडला तर घाणीवर मेण चढवल्यासारखं होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरीही मी तो क्रम सोडला. पुढचं सगळं त्यातून झालं.

आमच्या बाजूला राईस मिल पुष्कळ. धान घरात आलं की मिलचे बॉयलर सुरू होतात आणि त्यात धानाचाच भुसा जळतो. त्याची काळी राख हिवाळाभर पडत राहते. दोरीवरच्या कपड्यांवर, वाळत घातलेल्या पापडांवर, देवघराच्या खिडकीत. इथल्या बाईला विचारलं की घरात राख कुठून येते, तर ती तुमच्याकडेच विचित्र नजरेने बघेल. हवा जशी येते तशी राख येते.

अशाच एका मिलच्या शेठने हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांची काळी, उंच गाडी माझ्याकडे वॅक्सला पाठवली. घरात लग्न होतं. "दो घंटे में चाहिए," असा निरोप होता. मी गाडी धुतली, वाळवली आणि सरळ वॅक्स लावलं. माती फिरवायला अर्धा दिवस गेला असता. गाडी अशी चमकली की टपरीवरचे दोघे जण उठून बघायला आले. मलाही बरं वाटलं. मोठं गिऱ्हाईक होतं.

महिनाभराने सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे टपरी भरलेली असते त्याच वेळी, शेठ स्वतः आले. ड्रायव्हरने गाडी शेडसमोर उभी केली आणि शेठने खाली उतरून बोनेटवर थाप मारली.

"बाई, ये क्या लगाया मेरी गाडी को?"

मी हात पुसून गेले. ऊन बोनेटवर पडलं होतं आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसत होत्या. चमक गेली होती. मी तळवा फिरवला. भिंतीवरून फिरवल्यासारखी खरखर लागली.

"मैंने घर में बोला था, औरत के हाथ से पॉलिश मत करवाओ," शेठ माझ्याशी नाही, टपरीशी बोलत होते. "बर्तन मांजना और गाडी पॉलिश करना एक है क्या? अब नागपूर भेजूंगा. और सबको बोलूंगा, इधर मत आना."

टपरीवर कोणीतरी हसलं. शेठच्या ओळखीतल्या निम्म्या गाड्या या रस्त्याने जातात. त्यांनी सांगितलं असतं तर माझ्याकडे पुन्हा चारचाकी आली नसती. मी परत मोटारसायकली धुवायला लागले असते आणि टपरीला आणखी दोन महिन्यांचा विषय मिळाला असता.

"नागपूरला परवा पाठवा," मी म्हटलं. "आज ठेवून जा. उद्या संध्याकाळी पाचला या. गाडीवर कुठेही हात फिरवा. हाताला एका जागी जरी खरखर लागली, तर ती पाटी मी माझ्या हाताने खाली काढीन."

शेठने पाटीकडे बघितलं. "सबके सामने बोल रही हो."

"सगळ्यांसमोरच बोलतेय."

ते मिलवरून दुसरी गाडी मागवून गेले. जाताना ड्रायव्हरला सांगून गेले, गाडीपासून हलायचं नाही. ड्रायव्हर साठीच्या आसपासचा, शांत माणूस. त्याने शेडच्या कोपऱ्यात एक उलटी बादली ठेवली आणि तिच्यावर बसला.

नवरा बांधीवरून आला तोवर त्यांना टपरीवरच सगळं कळलं होतं. दारातूनच म्हणाले, "पाटी काढीन म्हणून बोललीस?"

"हो."

"मग शिडी पाटीखाली लावून ठेवतो. ऐन वेळी शोधाशोध नको." आणि खरंच लावून ठेवली. तेवीस वर्षांच्या संसारात मला या माणसाचा राग फार वेळा आला नाही, पण त्या दिवशी आला.

मी कामाला लागले. आधी गाडी धुतली. मग लोखंड काढायचं औषध मारलं. रेल्वेची लाइन इथून जवळ आहे, आणि चाकांचं, ब्रेकचं बारीक लोखंड उडून गाड्यांवर चिकटतं. हे औषध त्या लोखंडाला लागलं की जांभळं होऊन ओघळतं. काळ्या दारांवरून ओघळ खाली यायला लागले तसा ड्रायव्हर बादलीवरून उठला.

"रगत निंगून रायला का जी गाडीतून?"

"लोखंड आहे, भाऊ. रेल्वेचं."

"आमच्या गाडीत रेल्वेचं लोखंड काऊन येईन?"

"तुमच्या अंगावरही येतं. तुम्ही रोज आंघोळ करता म्हणून दिसत नाही."

तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "रोज नाई करत जी. थंडी आहे."

औषध धुऊन टाकलं आणि मातीचा गोळा काढला. एकच होता, नागपूरहून आणलेला. थंडीत माती कडक होते म्हणून कोमट पाण्यात ठेवून मळली आणि सुरीने चार तुकडे केले. एक तुकडा बिघडला तर बाकीचे वाचतात. साबणपाणी मारायचं, ताटलीएवढ्या जागेत माती फिरवायची. सरळ, पुढे-मागे. गोल नाही. दाब द्यायचा नाही. सुरुवातीला खर्र खर्र आवाज येतो, माती अडखळते. आठ-दहा वेळा फिरवलं की आवाज बंद होतो आणि माती काचेवरून गेल्यासारखी जाते. मग उलटून बघायची. पहिल्या ताटलीतच पांढरट माती काळी झाली होती. घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर काढायची आणि पुढची ताटली धरायची.

बोनेटच्या मध्यावर आल्यावर मी थांबले. कण निघाले होते, पण खाली ओरखडे होते. नुसत्या पुसण्याचे नाहीत. चार-पाच जागी, हाताच्या पंजाएवढे, दाट गोल गोल. हे ओरखडे मी लहानपणापासून बघत आले आहे. आमच्या घरच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला आहेत.

"भाऊ," मी मान वर न करता विचारलं, "ही गाडी राखेने कोणी घासली?"

त्याने बादली जरा मागे सरकवली.

"पिंपराखाली उभी रायते जी गाडी," तो शेवटी म्हणाला. "पाखरं हागते. ते सुकलं का निंगत नाई. शेठ म्हनते, पानी नोको मारू, थंडीत रंग खराब होते, कोरडीच पूस. तं मी जराशी राखड घेतली, फडकं ओलं केलं अन् घासलं. आमच्या घरी पितरेचा गुंड राखडीनं घासते तं आरसा होते. मले वाटलं, गाडीबी होईन."

गुंडाचं, म्हणजे पितळी घागरीचं, खरं होतं. भुशाच्या राखेत बारीक काचेसारखी धार असते, म्हणून तर पितळ तिने उजळतं. पितळ उजळतं, रंग कापला जातो. आमच्याच भागातला माणूस ही चूक करू शकतो. बाकी कुठे कोणाच्या हाताशी एवढी राख असते?

"शेठले नोका सांगू जी," तो म्हणाला. "अठरा वर्सं झाली त्याच्याकडं."

मी स्पंज पिळला आणि पुढचं काम धरलं. खरं सांगायचं तर डोक्यात पहिला विचार हाच आला की सुटले. संध्याकाळी शेठला ओरखडे दाखवायचे, ड्रायव्हरकडे बोट करायचं, पाटी जागेवर. पण बोनेटची खरखर राखेने घासल्यामुळे नव्हती. ती मी वॅक्सखाली झाकलेल्या कणांची होती. त्याची चूक सांगून माझी कमी होणार नव्हती. आणि बर्तन मांजनेवाली बाई असं ऐकवून गेलेल्या माणसाला गाडी खरोखरच भांड्यासारखी घासली गेल्याचं सांगायला माझी जीभही तयार होईना.

त्या दिवशी दारं, बोनेट आणि डिकी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावून पॉलिश केलं. राखेचे ओरखडे पुष्कळसे गेले. दोन जागी हलकी खूण राहिली. तिथे आणखी घासलं असतं तर रंगच संपला असता, म्हणून सोडून दिलं. मग राहिला टप. एवढ्या उंच गाडीच्या टपावर हात पोचत नव्हता, म्हणून पाटीखाली लावलेली शिडी मी उचलून आणली. नवरा बघत होता. मी म्हटलं, "शिडी लावून ठेवलीत ते बरं झालं."

तीन तुकडे संपून काळे झाले होते. चौथ्या तुकड्यावर मी टप घेतला. अर्धा झाला आणि साबणाने ओल्या हातातून माती सटकली. टपावरून घसरत काचेवर, काचेवरून खाली जमिनीवर.

ड्रायव्हरने चटकन उचलली, पँटला पुसली आणि वर केली. "घ्या."

मी शिडीवरून उतरले, माती घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"काऊन टाकली जी? चांगली होती न."

"जमिनीवरची रेती तिच्यात शिरली. आता ती फिरवली तर टपभर ओरखडे येतील."

"धुतली तं?"

"कणकेत रेती पडली तर तुम्ही कणीक धुता का?"

तीन वाजले होते. गोंदियात ही माती त्या वेळी कुठे मिळत नव्हती. नागपूरहून यायला दोन-तीन दिवस लागणार. माझ्यापुढे रस्ता सरळ होता. उरलेल्या अर्ध्या टपावर पॉलिशचं मशीन फिरवायचं, वर वॅक्स द्यायचं. टप कोण बघतो? वॅक्सखाली तळव्याला काही दिवस कळलंही नसतं. महिनाभर निभलं असतं. म्हणजे मागच्या महिन्यात जे केलं होतं, तेच.

मी टपाच्या मधोमध कागदी चिकटपट्टी लावली. झालेल्या बाजूला पॉलिश आणि वॅक्स केलं. दुसरी बाजू तशीच ठेवली.

नवऱ्याने पट्टी बघितली. "हे दाखवणार आहेस?"

"हो."

"वॅक्स मारून टाक ना."

"तुम्ही बांधीत निंदण न काढता खत टाकता का?"

ते म्हणाले, "कधी कधी टाकतो," आणि घरात गेले.

पाचला शेठ आले. टपरीवरचे लोक ग्लास हातात घेऊन रस्ता ओलांडून आले. शेठने गाडीभोवती एक फेरी मारली. गाडीच्या दारात त्यांचा चेहरा दिसत होता. ते म्हणाले, "चमक तो पहले भी थी."

"म्हणून चमक बघू नका." मी टपरीवाल्याकडून पार्सल चहाची एक पातळ प्लास्टिकची पन्नी मागून घेतली. "ही हातावर चढवा आणि फिरवा. पन्नीतून जास्त कळतं."

त्यांना हे माकडचाळे वाटले असावेत, पण लोक बघत होते. पन्नी चढवून त्यांनी बोनेटवर हात फिरवला. आवाज नाही. दारं, डिकी. आवाज नाही. चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला.

"आता टप," मी म्हटलं. "शिडीवर चढा."

"टप रहने दो."

"टप राहिलाच आहे. म्हणूनच चढा."

चढले. झालेल्या बाजूवरून हात फिरत पट्टीपर्यंत गेला, पट्टी ओलांडली, आणि खर्र असा आवाज खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू आला. शेठने हात मागे घेतला, पुन्हा फिरवला. पुन्हा खर्र.

"ये क्या है?"

मी ताटलीत ठेवलेले मातीचे तीन काळे तुकडे वर धरले. "हे. तुमच्या मिलची राख आहे, रेल्वेचं लोखंड आहे. सगळ्या गाडीवर होतं. मागच्या वेळी हे न काढता मी वर वॅक्स लावलं. घाई तुमची होती, पण चूक माझी. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

"और ये आधा?"

"माती खाली पडली. पडलेली माती मी गाडीला लावत नाही. नवीन आली की करीन."

शेठ शिडीवरून उतरले आणि बोनेटवर वाकले. राहिलेली हलकी खूण त्यांच्या डोळ्यांतून सुटली नाही. "और ये गोल-गोल निशान?"

ड्रायव्हर माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"राख."

"राखसे निशान पडते हैं?"

"राख बसलेली गाडी पाण्याशिवाय पुसली की पडतात. थंडीत पाणी मारू नका, कोरडी पुसा, असं कोणी सांगितलं होतं?"

शेठने ड्रायव्हरकडे न बघता पन्नी हातातून उतरवली. टपरीवाला मध्येच बोलला. त्याला गप्प बसणं जमत नाही. "मंग पाटीचं का जी काकू? खरखर तं लागली."

"लागली," मी म्हटलं.

शिडी उचलली, पाटीखाली लावली, चढले आणि पाना घेऊन दोन्ही नट काढले. पाटी वजनदार होती. नवरा पुढे आला, मी म्हटलं, नको. ती उतरवून भिंतीला टेकवून ठेवली. कोणी हसलं नाही. शेठ म्हणाले, "अरे, इसकी जरूरत नहीं थी."

"मी बोलले होते."

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी मी रोजच्या वेळेला शेड उघडलं आणि दोन ट्रॅक्टर धुतले. टपरीवाल्याने न मागता चहा पाठवला. मी परत पाठवला. दया आलेला चहा मी पीत नाही.

चौथ्या दिवशी माती आली, आणि निरोप दिल्याबरोबर काळी गाडीही आली. ड्रायव्हरने डिकी उघडून मला दाखवलं: बादली, मऊ फडकं, साबणाची बाटली. "शेठनंच घेऊन देल्ली," तो म्हणाला. मी मान हलवली. दोन तासांत उरलेला टप झाला.

तेवढ्यात शेठही आले, घुश्शातच. "बाई, मेरा साला सुबहसे गाडी लेके घूम रहा है. दुकान नहीं मिली उसको. पाटी कहाँ है?"

"जिथं ठेवली तिथं आहे. आधी टप बघा."

या वेळी पन्नी त्यांनी स्वतःच मागवली. शिडीवर चढून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश हात फिरवला. टपरीवरचे सगळे कान देऊन होते. पन्नीचा आवाज आला नाही.

"लगा दो पाटी," ते खाली उतरत म्हणाले. मग ड्रायव्हरला, "चढ, लगा दे."

"मी काढली, मीच लावीन," मी म्हटलं. "तुम्ही शिडी धरा. खाली साबण सांडलाय, घसरते."

शेठने एकदा टपरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग दोन्ही हातांनी शिडी धरली.

पाटीवर चार दिवसांची राख बसली होती. आधी ओल्या फडक्याने ती पुसली, मग नट आवळले.